नावावरचं टिंब

मावशीच्या हाती छपाईची अक्षरं पहिल्यांदा आली ती चिखलातून. पीठ चाळायची जुनी चाळणी, शेजारी विहिरीच्या पाण्याची बादली, आणि समोर गाळाचा ढीग. त्या गाळात शिशाचे खिळे होते. हजारो. पुण्याच्या शनिवार पेठेत मावशी राहत असे त्या वाड्यामागच्या बोळात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं छापणारा एक छोटा छापखाना होता. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं, आणि दुपारपर्यंत नदी पेठांमध्ये शिरली. लकडी पूल पाण्याखाली गेला. छापखान्यातल्या केसी, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे लाकडी ट्रे, उलट्या होऊन तरंगल्या आणि पाणी ओसरलं तेव्हा सगळी बाराखडी जमिनीवरच्या गाळात मिसळून गेली.

मालकांनी मग गल्लीतल्या मुलांना कामाला लावलं. चाळायचं, धुवायचं, वेगळं करायचं. मावशी तेव्हा वीस वर्षांची, बी. ए.ला मराठी घेतलेली. घरातली भांडी, धान्य, गाद्या, वडलांची पुस्तकं हे सगळं वाहून गेलं होतं किंवा कुजलं होतं, आणि वाड्याची मागची मातीची भिंत बसली होती. दिवसाची मजुरी मिळत होती. तेवढ्यासाठी ती बसली.

"पहिल्या दिवशी मला एक अक्षर वाचता येईना," ती सांगते. "खिळ्यावर अक्षर उलटं असतं हे कुठं ठाऊक? 'र' म्हणून टाकलेलं भलतंच निघायचं. मग मालकांनी खिळ्याच्या अंगावरची खाच दाखवली. खाच कुठल्या बाजूला ते बघायचं, म्हणजे डोकं कुठं नि पाय कुठं ते कळतं. आठवड्यात बोटांना कळायला लागलं. अंधारातसुद्धा."

मावशी आता चौऱ्याऐंशीची आहे. कोथरूडला दोन खोल्यांत एकटी राहते, पेपर वाचताना अजून हातात पेन्सिल असते. तिच्याकडं मी गेले ते तिच्या हिशेबाच्या वह्या बघायला. रोजनिशी तिनं कधी लिहिली नाही. लिहिला तो खर्च, रोज, रात्री जेवणानंतर, एकेका ओळीत. १९६२ ते १९६४ अशा तीन वह्या शिल्लक आहेत. त्यांवरून त्या वर्षांचं तिचं आयुष्य उभं करता येईल का, असं मनात होतं. बरंचसं आलं. जे आलं नाही, ते तिनं तोंडी भरून काढलं, आणि तोंडी सांगताना ती फार भाव खाते हेही इथंच नोंदवते.

छापखान्याच्या त्या मालकांनीच पुढं एका दैनिकात शब्द टाकला. मुद्रितशोधक हवा होता. हवा होता, हवी नव्हती. संपादकांनी तिला उभ्यानंच दोन प्रश्न विचारले. ऱ्हस्व-दीर्घ येतं का? आणि लग्न ठरलंय का? पहिल्याचं उत्तर तिनं 'हो' दिलं. दुसऱ्याला म्हणाली, "घर उभं राहिल्याशिवाय नाही." हे तिनं खरंच म्हटलं की आता जुळवलं, देव जाणे. पगार ठरला ११० रुपये. वहीच्या पहिल्या पानावर तो आहे आणि त्याखाली लगेच 'आईकडे ८०'.

मराठी पत्रसृष्टीत बाई म्हणजे अगदीच नवलाई नव्हती. तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर 'दीनबंधू' चालवला त्याला तोवर अर्धशतक होऊन गेलं होतं. शांता शेळके अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये काम करून गेल्या होत्या. 'स्त्री' मासिक १९३० पासून निघत होतं आणि त्यात बायका लिहीत होत्या. पण साप्ताहिक, मासिक वेगळं आणि रोज पहाटे दारात पडणारा पेपर वेगळा. दैनिकाचा जीव रात्री असतो. आणि रात्र बायकांची नव्हती.

ही रात्रीची गोष्ट मी मुळापासून शोधत गेले. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात कारखान्यात काम देता येत असे. छापखाना, खिळे जुळवणं, छपाई हे सगळं त्या कायद्यानं कारखान्याच्या व्याख्येत घातलेलं. दुसरीकडं १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा. त्यात पत्रकार कोण याची जी यादी आहे, तीत संपादक, अग्रलेख लिहिणारे, बातमीदार, व्यंगचित्रकार यांच्याबरोबर शेवटी मुद्रितशोधकही आहे. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम देता येणार नाही, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे कागदावर मावशी संपादकांच्याच पंगतीतली पत्रकार. प्रत्यक्षात तिचं टेबल कंपोझिंग खात्यात, शाईच्या रुळाशेजारी. तिला पहिला कायदा लागू होता की दुसरा, याचा कीस कुणीच काढला नाही. काढायची गरजही पडली नाही, कारण घरी वडलांनी आधीच सांगून ठेवलं होतं: सातच्या आत घरात. सरकारचं नि वडलांचं घड्याळ एका ठोक्याला वाजत होतं.

सकाळचा तिचा दिवस पाचाला सुरू व्हायचा. पुरानंतर ते एका नातेवाइकाकडं दीड खोलीत राहत होते, नळ सार्वजनिक. पाणी भरायचं, पितळी बंब पेटवायचा, स्टोव्हचं छिद्र पिनेनं मोकळं करायचं. वहीत दर महिन्याला 'स्टो पिना' आहेत. पोळ्या ती करायची, भाजी आई. डब्यात दोन पोळ्या आणि तळाशी लोणचं. मग सायकल. लेडीज सायकल तिनं जुनी, हप्त्यावर घेतली. आईकडे दिलेले पैसे सोडले तर पगारातली सगळ्यात मोठी ओळ तीच आहे, सात महिने चाललेली. महानगरपालिकेचा बिल्ला वेगळा. दिवा मात्र घेतला नाही. सातच्या आत घरी जायचं, मग दिव्याचे पैसे कशाला? हा हिशेब तिचा स्वतःचा.

'अमृततुल्य'चा चहा दुपारी एकदा. वहीत तो '१२ न. पै.' असा आहे. नव्या नाण्यांना पाच वर्षं झाली होती तरी दुकानदार आण्यातच बोलायचे. एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन म्हणजे १२, आणि तीन आणे म्हणजे एकदम १९. हा एक पैसा कुठून आला यावर तिच्या आईचं नि भाजीवालीचं रोज वाजायचं. १९६२ च्या एप्रिलपासून वजनंही सक्तीनं किलोची झाली. शेर गेला, छटाक गेली. आई म्हणायची, या लोकांना काय काय बदलायचंय ते एकदाच बदला म्हणावं.

आणि त्याच वर्षी टिंब गेलं.

आजच्या वाचकाला यातली गंमत समजावून सांगावी लागेल. तोवर मराठी लिहिताना, उच्चारात नसलेले अनुस्वार ढीगभर द्यावे लागत. नाहीं, कांहीं, पांच, तें घर, तीं घरें, त्यानें, घरीं. कुठं द्यायचं नि कुठं नाही हे कळायला व्युत्पत्ती लागे, लिंग-वचन-विभक्ती लागे, आणि मुख्य म्हणजे मास्तरांचा मार लागे. मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे नवे नियम तयार केले, १९६२ साली सरकारनं ते मान्य केले, आणि हे मुके अनुस्वार बाद झाले. नियम चौदाच होते. 'लोकांना', 'घरांपुढे' यांसारख्या अनेकवचनी रूपांवरचं टिंब तेवढं राहिलं.

नियम कागदावर झाले, खिळे कुठं लगेच बदलतात? वेलांटीवर टिंब असलेला खिळा वेगळा, मात्रेवर टिंब असलेला वेगळा. वीस-वीस वर्षं काम केलेल्या कंपोझिटरची बोटं डोळे मिटून त्या खणाकडं जायची. नाहीं म्हटलं की टिंबासकट. मावशीचं पहिल्या वर्षाचं मुख्य काम म्हणजे टिंबं उडवणं. ओल्या कागदावर काढलेला गॅलीप्रूफ यायचा, समोर कॉपी वाचून दाखवणारे काका बसायचे. ते साठीचे, एका सुरात वाचायचे: "मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी आज स्वल्पविराम येथे पूर्णविराम". विरामचिन्हंसुद्धा वाक्यातल्यासारखी. एकदा तर म्हणे घरी सत्यनारायणाची पोथीही ते तशीच वाचायला लागले. मावशी टिंबावर रेघ मारी, समासात खूण करी. दिवसाला किती उडवली असतील?

"मोजली नाहीत. पण एकदा फोरमन सगळ्या उडवलेल्या टिंबांचे खिळे एका वाटीत घालून घेऊन आले. म्हणाले, बाई, हे घ्या, हळदीकुंकवाला वाटा."

त्या काळातल्या पेपरांच्या जुन्या फायली मी उलटल्या. एकाच पानावर 'नाही' आणि 'नाहीं' सुखानं नांदताना दिसतात. अग्रलेखात टिंब, खालच्या पत्रात नाही. म्हाताऱ्या वाचकांना हे सोसलं नाही. मावशी सांगते की सगळ्यात जास्त भांडण 'नांव' या शब्दावरून झालं. जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे माणसाचं आणि 'नाव' म्हणजे होडी. एका पेन्शनरांनी ऑफिसात येऊन विचारलं होतं, "म्हणजे आता माझ्या नांवाची तुम्ही होडी करणार?" पुरातून जेमतेम वाचलेलं गाव. कुणी हसलं नाही.

टिंब पुरतं गेलंही नाही म्हणा. बोलण्यातलं 'असं', 'झालं', 'घरचं' लिहायचं तर टिंबच लागतं. लेखी मराठीनं ज्याला दारातून काढलं ते स्वयंपाकघरातून परत आत आलं. हा लेख मी लिहितेय त्यातही ते ओळीओळीला आहे.

ऑफिसात तिला 'बाई' म्हणत. नावानं कुणी हाक मारली नाही, तिनंही कुणाला मारली नाही. बायकांसाठी वेगळा संडास नव्हता. समोरच्या वाड्यातल्या एका आजीबाईंनी त्यांचा वापरू दिला, मोबदल्यात आदल्या दिवशीचा पेपर. हा व्यवहार अडीच वर्षं चालला आणि वहीत अर्थातच नाही. पावसाळ्यात आवार ओलांडून जायचं म्हणजे छत्री घेऊन उठायचं, सगळ्या खात्याला कळायचं. म्हणून ती पाणीच कमी प्यायची. हे सांगताना ती हसली नाही.

दिवसपाळीला येणारा मजकूर रटाळ. जाहिराती, बाजारभाव, तालुक्याची बातमीपत्रं, रविवारची पुरवणी, पंचांग. खऱ्या बातम्या संध्याकाळनंतर टेलिप्रिंटरवर धो धो यायच्या, इंग्रजीत. रात्रपाळीचे उपसंपादक त्यांचं मराठी करायचे. मावशीला ते मराठी दुसऱ्या दिवशी सकाळी इतरांसारखंच घरात दिसायचं. चुका तेव्हा सापडायच्या, छापून झाल्यावर.

तिच्या हातून झालेली एक चूक मात्र तिनं आपणहून सांगितली. अकरावीच्या परीक्षेत चांगले मार्क मिळवलेल्या एका मुलीच्या सत्काराची चार ओळींची बातमी. 'कु.' ऐवजी 'कै.' पडलं. उकाराच्या जागी दोन मात्रा. काकांनी वाचताना 'कुमारी' म्हटलं, तिच्या कानानं ऐकलं, डोळ्यांनी पाहिलंच नाही. सकाळी त्या मुलीच्या घरासमोर माणसं जमली. दहा वाजता वडील ऑफिसात. संपादकांनी दुसऱ्या दिवशी चौकटीत दिलगिरी छापली, आणि मावशीला सांगितलं, तुम्ही स्वतः जाऊन या.

ती गेली. तिच्याहून लहानच मुलगी, ओसरीवर अवघडून बसलेली. आई बोलेना. शेवटी आतून आजी आली, तिनं मावशीच्या हातावर साखर ठेवली. म्हणाली, "मेल्याची बातमी आली म्हणजे आयुष्य वाढतं. आमच्या पोरीला तू शंभर वर्षं दिलीस." वहीत त्या तारखेला 'पेढे, पावशेर' असं आहे आणि मग 'पावशेर' खोडून '२५० ग्रॅ.'.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचं युद्ध सुरू झालं. रोज नवी नावं. तवांग, बोमदिला, वालाँग, चुशूल, सेला. इंग्रजी टेलिप्रिंटरवर आलेलं नाव रात्री ज्याला जसं सुचेल तसं देवनागरीत उतरायचं. एका अंकात एकच गाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापलेलं मावशीनं दाखवलं. मुख्य उपसंपादक चिडले, मग म्हणाले, तुम्हीच ठरवा. तिनं नकाशा मागून घेतला, लष्करातून सुट्टीवर आलेल्या शेजारच्या एकाला उच्चार विचारले आणि एका पुठ्ठ्यावर यादी लिहून रात्रपाळीच्या टेबलावर खिळ्याला टांगली. रात्रपाळीत ती कधी बसली नाही, पण तिचा पुठ्ठा बसला. नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, एकवीस तारखेला युद्धबंदी झाली. पुठ्ठा पुढं कित्येक महिने तसाच लटकत होता. संरक्षण निधीला बायका बांगड्या देत होत्या. मावशीची आई म्हणाली, पुरानं नेलं तेच आमचं दान. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्यावर दागिने घडवायला बंदी, आणि मावशीचं लग्न आणखी पुढं गेलं. त्याबद्दल तिनं सुवर्णनियंत्रणाचे आजवर आभार मानलेले आहेत.

आणि मग २७ मे १९६४, बुधवार.

दुपारी दोनच्या सुमाराला टेलिप्रिंटरची घंटा वाजायला लागली ती थांबेना. ऑफिसात होते कोण? एक नवा उपसंपादक, डबा उघडून बसलेला. काका. फोरमन. दोन कंपोझिटर. आणि मावशी. रात्रीचे सगळे आपापल्या घरी झोपलेले. पंडित नेहरू गेले होते. त्या पोरसवदा उपसंपादकाचे हात कापायला लागले. सायकलवरून एका शिपायाला संपादकांकडं पिटाळलं, आणि तोवर टेलिप्रिंटरचा कागद जमिनीवर साचत चाललेला.

"मला म्हणाला, बाई, इंग्रजी येतं ना? मी बी. ए. होते. अडीच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

न्यूजप्रिंटच्या कापलेल्या चिठोऱ्यांवर ती लिहीत गेली. एक चिठोरी लिहून झाली की कंपोझिटर ओढून न्यायचा. गुलझारीलाल नंदांचा शपथविधी, परदेशातून येणारे शोकसंदेश, जीवनपट. 'निधन' लिहायचं की 'देहावसान'? 'श्री. नेहरू' की 'पंडितजी'? विचारायला कुणी नव्हतं. तिनं बातमीत 'पंडित नेहरू' ठेवलं आणि साधं 'निधन' लिहिलं. का, तर 'नि', 'ध' नि 'न' हे खिळे केसींत मुबलक असतात हे तिला ठाऊक होतं. ही कारणमीमांसा मला फार आवडली.

पुरवणी काढायची ठरली. मथळ्यासाठी लाकडी खिळे काढले, भिंतीवरच्या जाहिरातींना वापरतात तसे, सगळ्यात मोठे. आणि फोरमननी ओळ बसवली: 'पंडित नेहरु यांचे निधन'. मावशीनं बघितलं. रु ऱ्हस्व. त्या आकारात दीर्घ रू नव्हताच, कधी लागलाच नव्हता.

"मी म्हटलं, हे चालणार नाही. शेवटचा उकार दीर्घ."

फोरमन खांबाला टेकून उभे होते, त्यांचे डोळे लाल झालेले. म्हणाले, "बाई, अख्खा देश रडतोय आणि तुम्ही उकार मोजताय?"

"मोजतेय," ती म्हणाली. मग दोघंही रडली, आणि मग फोरमननी सगळी ओळ मोडली आणि एक आकार लहान खिळे घेतले, ज्यांत दीर्घ रू होता. संपादक आले तेव्हा प्रूफ निघालेला. त्यांनी मथळा लहान का, असं विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. त्यांनी कागदावर सही केली.

पहिल्या प्रती यंत्रावरून उतरल्या तेव्हा अंधारून आलं होतं. रस्त्यावर पोरं ओरडत पळत गेली. त्या पुरवणीतली बहुतेक सगळी दुसरी बाजू मावशीची. नाव अर्थात कुणाचंच नाही. तेव्हा बातमीवर नाव घालायची पद्धत नव्हती, पुरुषांचंही नसे, हे तिनं मला दोनदा बजावलं. मी त्यातून काही काढू नये म्हणून. पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम त्याच १९६४ साली सुरू झाला. तू नाही गेलीस? असं मी विचारलं. "मला सायकलचा दिवा घ्यायचा होता," ती म्हणाली, आणि यावर तिनं पुढं काही सांगायला नकार दिला.

ऑफिसातून बाहेर पडली तेव्हा साडेआठ. सात वाजून गेलेले कुणाच्या लक्षातच आलं नाही, ना तिच्या, ना संपादकांच्या, ना कायद्याच्या. दुकानं बंद, रस्त्यावर माणसंच माणसं, कुणीही बोलत नव्हतं. लकडी पुलाच्या अलीकडं पोलिसानं शिट्टी मारली. दिवा कुठाय? तिनं पुरवणी दाखवली, सांगितलं, हे आत्ता करून आलेय. पोलिसानं पुरवणी घेतली, दिव्याखाली जाऊन मथळा वाचला, घडी घालून खिशात ठेवली. मग खाली वाकून शांतपणे दोन्ही चाकांतली हवा सोडली.

घरापर्यंत सायकल ढकलत गेली. वडील दारात उभे होते. काय झालं हे त्यांना शाईनं माखलेल्या हातांवरून कळलं असावं. ते बाजूला झाले.

वहीत २७ मेच्या रकान्यात काहीच नाही, चहासुद्धा नाही. त्याखाली, वेगळ्या शाईत: '२८ मे. हवा, दोन्ही चाके, १० न. पै.' चार दिवसांनी, १ जूनपासून, सरकारनं पैशाच्या नावातलं 'नये' काढून टाकलं. त्या तारखेला मावशीनं 'न. पै.' लिहिलंय आणि मग 'न.' वर तिची ती नेहमीची आडवी रेघ. समासात खूणही.